बोरीत बसून ख्रिस्ती प्रेमकथा वाचायच्या, तर खर्च किती?

जिंतूर तालुक्यातलं बोरी हे माझं माहेर. दिवाळीला गेले होते तेव्हा दुपारची झाकपाक झाल्यावर वहिनींनी कपाटातून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. मुखपृष्ठ गेलेलं, पाठीला चिकटपट्टी, पानं पिवळी. जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’. वहिनींचं नर्सिंगचं शिक्षण जालन्याला झालं. वसतिगृहात त्यांच्या खोलीतली मैत्रीण ख्रिस्ती होती, तिनं निरोपाच्या दिवशी दिलेलं हे पुस्तक. इंग्रजी सोपं आहे म्हणून वहिनींनी ते एकदा वाचलं, मग आवडलं म्हणून पाच-सहा वेळा वाचलं.

“ताई, असं अजून वाचायचंय,” त्या म्हणाल्या. “जुना काळ असावा, प्रेम असावं, संसार असावा, देवावरचा विश्वास असावा. पण पोरगी आता नववीत आहे. पुस्तक उशाशी उघडं राहिलं तरी जिवाला घोर लागू नये. आणि महिन्याला दोनशेच्या वर मला जमायचं नाही. कसं करू, सांगा.”

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधायला मला दोन महिने लागले. टपालाचे दर पाहिले, जुनी पुस्तकं विकणाऱ्यांना फोन केले, मोबाइलवर किती जागा लागते ते मोजलं, आणि एकदा स्वतःचे पैसेही घालवले. त्यातून जे हाती आलं ते बोरीसारख्या गावात राहणाऱ्या, पुस्तकाचं मोठं दुकान जवळ नसलेल्या कुणाही वाचकाच्या उपयोगाचं आहे. आधीच सांगते, या वाचनात छापील किमतीवर पैसे फार जात नाहीत. चुकीचं पुस्तक निवडलं, अर्धवट आवृत्ती घेतली किंवा एकेक पुस्तक सुटं मागवलं की पैसे जातात. आणि जे वाचायला आपण परदेशी पुस्तकाला हजार रुपये मोजतो, ते मराठीत १८५७ पासून आहे.

एक रुपयाही न लागणारं

सुरुवात रूथपासून करावी. बायबलच्या जुन्या करारातलं हे चारच अध्यायांचं पुस्तक आहे, अर्ध्या तासात वाचून होतं. परमुलखातली विधवा सून आपल्या सासूला, नामीला, एकटी सोडायला तयार होत नाही. दोघी बेथलेहेमला येतात. पोटासाठी रूथ सातूच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सांडलेली कणसं वेचायला जाते. शेताचा मालक बवाज तिला पाहतो, तिची चौकशी करतो आणि आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम मागे पडू द्या. परभणी जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे याला सरवा वेचणं म्हणतात, आणि ज्वारीच्या सुगीत सरवा वेचून वर्षाची बेगमी करणाऱ्या बायका माझ्या लहानपणी मी पाहिल्या आहेत. प्रेमाचा एकही मोठा शब्द न उच्चारता प्रेम कसं दाखवावं, हे त्या मुद्दाम सांडलेल्या कणसांत आहे. आज इंग्रजीत शेकड्यांनी निघणाऱ्या सात्त्विक प्रेमकथांची मुळं शोधत गेलं तर बऱ्याचदा रूथच्या शेतावर येऊन थांबावं लागतं. मराठी बायबलची अ‍ॅप मोबाइलवर फुकट मिळतात. वहिनींनी त्याच संध्याकाळी वाचून काढलं.

दुसरं फुकट पुस्तक म्हणजे आपली पहिली कादंबरी. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. पदमनजींचा जन्म बेळगावचा, १८३१चा. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच्या दोनच वर्षांनी, १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक आलं. यमुना शिकलेली आहे, नवरा विनायकराव समजूतदार आहे, दोघांची मनं ख्रिस्ती श्रद्धेकडे ओढली गेली आहेत. प्रवासात त्यांना ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिकती भेटतात. पुढे विनायक जातो आणि ज्या दुःखाच्या कथा यमुनेनं ऐकल्या तेच तिच्या वाट्याला येतं. शेवटी ती बाप्तिस्मा घेते आणि दुसरं लग्नही करते.

ओक यांच्या कादंबरीची नायिका मार्टी हीसुद्धा विधवाच. परक्या माळरानावर नवरा गेलेला, दिवस गेलेले, आणि निव्वळ निवाऱ्यासाठी तिला एका विधुराशी लग्न करावं लागतं. मग त्या घरात प्रेम हळूहळू रुजतं. ती कादंबरी १९७९ सालची. एकशेबावीस वर्षं आधी आपल्या भाषेत एका विधवेच्या दुसऱ्या संसाराची गोष्ट लिहून झाली होती, हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ गप्प होत्या.

पण एक नीट सांगायला हवं. ‘यमुनापर्यटन’ रंगून वाचायची कादंबरी म्हणून उघडाल तर निराश व्हाल. तिच्यात संवाद लांब आहेत, उपदेश भरपूर आहे, भाषा पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे. यमुना-विनायकाच्या सहजीवनाची पानं हवीहवीशी वाटतात, पण ती कमी आहेत. विधवांच्या छळाची वर्णनं नववीतल्या मुलीला वाचू द्यायला माझी हरकत नाही, फक्त ती वाचताना आई जवळ असावी आणि दोघींनी त्यावर बोलावं.

हे पुस्तक फुकट का, तर आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून मोजून साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. पदमनजी १९०६ साली गेले. त्यांचं लेखन कुणीही छापावं, कुणीही वाचावं. हाच हिशेब पुढे लावला की बरीच दारं उघडतात. कृपाबाई सत्यनाथन यांचा जन्म अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, १८६२चा. वडील हरिपंत खिस्ती हे तिथल्या मिशनमधले सुरुवातीचे ब्राह्मण धर्मांतरित. कृपाबाईंनी इंग्रजीत दोन कादंबऱ्या लिहिल्या, ‘सगुणा’ आणि ‘कमला’, आणि १८९४ साली, वयाच्या तिशीत त्या गेल्या. ‘सगुणा’ ही जवळजवळ त्यांचीच गोष्ट आहे: मराठी ख्रिस्ती घरातली मुलगी, पुस्तकांची भूक, डॉक्टर व्हायची जिद्द, आणि अखेरीस मनासारखा जोडीदार. ‘कमला’ हिंदू घरातली, अधिक हळवी, आणि तिचा शेवट तुम्हाला हवा तसा होत नाही. दोन्हींच्या जुन्या प्रती इंटरनेट आर्काइव्हसारख्या संकेतस्थळांवर शोधाव्यात. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, तरी माणसं आपली आहेत, त्यामुळे वाचताना अडखळायला कमी होतं. या सगळ्या यादीतून मला एकच पुस्तक निवडायला सांगितलं तर कादंबऱ्यांत मी ‘सगुणा’ निवडेन.

परदेशी जुन्यांपैकी ल्यू वॉलेस यांची ‘बेन-हर’ १८८०ची आणि हेन्रिक सिएन्कीविच या पोलिश लेखकाची ‘क्वो वादिस’ १८९६ची. दोन्ही येशूच्या आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या काळातल्या. ‘बेन-हर’मध्ये प्रेमकथा कडेला आहे, सूड आणि क्षमा मध्यभागी. ‘क्वो वादिस’मध्ये मात्र रोमन सरदार व्हिनिशियस आणि ख्रिस्ती मुलगी लिजिया यांचं प्रेम हाच कणा आहे. तिच्यात नीरोच्या दरबारातल्या मेजवान्या आणि आखाड्यातला रक्तपात आहे, त्यामुळे ‘सात्त्विक’ म्हणून डोळे झाकून नववीतल्या मुलीला देऊ नये. बारावीनंतर अवश्य द्यावी. दोन्ही प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहेत. ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल या अमेरिकी लेखिकेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच धर्तीच्या सोज्वळ प्रेमकथा भराभर लिहिल्या. त्यांची ‘मार्सिया स्कायलर’ १९०८ची, तीही तिथंच आहे आणि ती मुलीच्या हातात बिनघोर द्यावी.

उतरवून घेताना एक गोष्ट पाहावी. अक्षरांची फाइल, जिला ईपब म्हणतात, ती एक-दोन एमबीत बसते आणि अक्षर मोठं करता येतं. जुन्या पुस्तकाची छायाचित्रं काढून केलेली पीडीएफ पन्नास-शंभर एमबीची असू शकते आणि मोबाइलवर बोटांनी पान सरकवून सरकवून डोळे दुखतात. चाळिशी लागलेल्या वाचकानं ईपबच घ्यावं. ऐकायचं असेल तर लिब्रीवॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेल्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या मोफत आहेत. साध्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला तासाला साधारण एकोणतीस एमबी लागतात. वीस तासांची कादंबरी म्हणजे पाचशे-सहाशे एमबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर रात्री उरलेल्या डेटात एका दिवसात उतरते, वेगळा पैसा लागत नाही. इंग्रजी कान तयार व्हायलाही याचा उपयोग आहे. भाची आता वहिनींबरोबर भाजी निवडताना ऐकते.

विकत घ्यायचं एक पुस्तक

फुकटाचा एवढा पसारा सांगून झाल्यावर मी वहिनींना एक पुस्तक मात्र विकत घ्यायला लावलं, आणि तुम्हालाही तेच सांगेन. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. ही कादंबरी नाही, आत्मकथा आहे. तरीही जुन्या काळातली, श्रद्धेची, नवरा-बायकोच्या प्रेमाची गोष्ट मराठीत याहून मोठी कुणी लिहिलेली मला माहीत नाही.

अकरा-बारा वर्षांच्या मनकर्णिकेचं लग्न नारायण वामन टिळकांशी होतं आणि ती लक्ष्मी होते. नवरा कवी, विद्वान, तापट आणि विलक्षण मायाळू. न सांगता घर सोडून निघून जाणारा, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळक बाप्तिस्मा घेतात आणि संसाराची ताटातूट होते. ती बातमी ऐकून लक्ष्मीबाईंची काय अवस्था झाली, लोकांनी काय काय केलं, पंढरपूरला त्या कशा राहिल्या, आणि काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परत कशा गेल्या, हे सगळं त्यांनी तक्रारीचा सूर न लावता, मधूनमधून हसत सांगितलं आहे. परत गेल्यावरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं-ओवळं सांभाळत वेगळी चूल मांडून राहिल्या. मग एकेक गाठ स्वतःच सोडत गेल्या आणि १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानं ओढलं म्हणून गेल्या नाहीत. त्यांना स्वतःला कळलं तेव्हा गेल्या. परदेशी सात्त्विक कादंबऱ्यांत नायकाच्या श्रद्धेनं नायिका किंवा नायिकेच्या श्रद्धेनं नायक बदलतो आणि तो बदल बऱ्याचदा शेवटच्या दोन प्रकरणांत उरकला जातो. इथं तो पाच वर्षं चालतो आणि पानापानाला पटत जातो.

आता खरेदीचं. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, म्हणजे १९९७ पासून हे पुस्तक हक्कमुक्त आहे. त्यामुळे ते अनेकांनी छापलं आहे आणि किमतीत दुप्पट-तिप्पट फरक आढळतो. फसगत इथंच होते. मूळ ग्रंथ चार भागांचा आहे. संक्षिप्त आवृत्त्याही मिळतात आणि स्वस्त असतात. वरच्या आवरणावर ‘संक्षिप्त’ हा शब्द बारीक असतो किंवा विक्रीच्या पानावर दिलेलाच नसतो. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: चारही भाग आहेत का, पानं किती, अक्षर किती मोठं. उत्तर टाळलं तर दुसरीकडे जावं. संपूर्ण आवृत्तीला काही रुपये जास्त पडले तरी ते द्यावेत, कारण हे पुस्तक घरात तीन पिढ्या वाचतील. ज्यांना मराठी वाचता येत नाही अशा नातवंडांसाठी शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ साली निघाला आहे. अमेरिकेतल्या माझ्या मामेबहिणीनं तिच्या मुलीसाठी तोच घेतला.

आवृत्तीची पानं मोजायला मी शिकले ते स्वतःचे पैसे गेल्यावर. ‘बेन-हर’ची छापील प्रत भेट द्यावी म्हणून मी ऑनलाइन मागवली. चित्र छान, किंमत कमी. हातात आली ती जेमतेम एकशेवीस पानांची, मुलांसाठी कापलेली, कुणी कापली त्याचं नावही नसलेली. पूर्ण ‘बेन-हर’ला साडेचारशे-पाचशे पानं लागतात. परत पाठवायची मुदत टळून गेली होती. ज्या जुन्या पुस्तकाचा हक्क संपला आहे, ते कुणीही कसंही छापू शकतं, याची ही दुसरी बाजू. प्रकाशकाचं नाव, पानांची संख्या आणि आतल्या एका पानाचं छायाचित्र पाहिल्याशिवाय अशी प्रत घेऊ नये.

नवी इंग्रजी पुस्तकं: इथं हात आखडता घ्या

ओक यांच्या मार्टीची गोष्ट पुढे आठ पुस्तकांपर्यंत गेली आहे. ही पुस्तकं हक्काखाली आहेत, म्हणून फुकट मिळायची नाहीत. टेलिग्रामवर कुणी ‘पीडीएफ आहे’ म्हणून पाठवली तर ती चोरीची. श्रद्धेच्या गोष्टी चोरून वाचाव्यात असं मला वाटत नाही, आणि त्या फाइलींत पानं गहाळ असतात हे वेगळंच.

नवी आयात प्रत महाग पडते. अमेरिकेत पंधरा डॉलर किंमत असली आणि डॉलर पंचाऐंशी रुपये धरला, तरी साडेबाराशेच्या वर जातं. त्यात २०१९ पासून आयात केलेल्या छापील पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, एवढाच दिलासा. म्हणून ही पुस्तकं जुन्या बाजारातून घ्यावीत. पुणे-मुंबईचे जुनी पुस्तकं विकणारे, किंवा जुन्याच प्रती ठेवणारी संकेतस्थळं. दोनशे-अडीचशेपर्यंत मिळाली तर घ्या, त्यावर जाऊ नका. मालिकेतलं पहिलं पुस्तक तुमच्याजवळ असेल तर दुसरं मिळेपर्यंत तिसरं, चौथं घेऊन ठेवू नये. क्रम चुकला की अर्धा आनंद जातो.

परदेशात नातेवाईक असतील तर आणखी एक वाट आहे. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं जुनी झालेली आणि दान आलेली पुस्तकं अधूनमधून अगदी थोडक्यात विकतात आणि ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा तिथं ढिगानं येतात. येणाऱ्या माणसाला सामानात दोन पातळ पुस्तकं आणायला सांगावं. दोनच. दहा सांगितली की तो पुढच्या खेपेला फोन उचलत नाही.

महिन्याच्या वर्गणीवर हवी तेवढी ई-पुस्तकं वाचू देणाऱ्या योजना पावणेदोनशेच्या आसपास पडतात. वहिनींचं सगळं महिन्याचं पुस्तक-बजेट त्यात जाईल. शिवाय नावाजलेल्या ख्रिस्ती प्रकाशकांची पुस्तकं त्या यादीत बेताचीच असतात, स्वतः छापणाऱ्या लेखकांची जास्त. मे महिन्याच्या सुटीत एक महिना घ्या, तीन-चार पुस्तकं वाचा, आणि घेतल्याच दिवशी आपोआप पैसे कापण्याची सोय बंद करून ठेवा. वर्षभर चालू ठेवू नका.

आणि एक धोक्याची खूण. फ्रॅन्सीन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ (१९९१) या प्रकारातली फार गाजलेली कादंबरी, होशेय संदेष्ट्याच्या कथेवर बेतलेली, कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधाच्या काळातली. ‘ख्रिस्ती प्रेमकथा’ म्हणून शोधलं की हीच वर येते. तिची नायिका लहानपणीच देहविक्रयात विकली गेलेली मुलगी आहे. पुस्तक ताकदीचं आहे, वहिनींनी वाचावं, पण उशाशी उघडं ठेवू नये. मुखपृष्ठावर ‘ख्रिस्ती’ लिहिलं म्हणजे आतलं सगळं नववीसाठी असतंच असं नाही.

पुस्तक बोरीपर्यंत आणायला

मला सगळ्यात मोठी बचत सापडली ती टपालात. पूर्वी नोंदणीकृत बुकपोस्ट होतं. वाचनालयांचा आणि छोट्या प्रकाशकांचा तो आधार होता, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती सोय बंद झाली तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसला. त्यानंतर १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, मधले टप्पे वजनानुसार, लागू असेल तो कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकं यात चालतात. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं, जाहिरातवजा छपाई चालत नाही. पार्सल कुठवर आलं ते पाहता येतं. ते जमिनीवरच्या वाहतुकीनं येतं, म्हणून दिवस थोडे जास्त धरावेत.

आता हिशेब पाहा. मध्यम आकाराच्या कादंबरीचं वजन तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम. एकटी आली तर टपालाला वीस-पंचवीस. पाच किलोच्या गठ्ठ्यात अशा पंधरा येतात, म्हणजे पुस्तकामागे सात रुपयांहून कमी. खासगी कुरिअर किंवा विक्रेत्याचं ‘घरपोच शुल्क’ याच्या कितीतरी पट असतं. म्हणून विक्रेत्याला पैसे देण्याआधी सरळ विचारावं, “ज्ञान पोस्टनं पाठवाल का?” पुष्कळ लहान विक्रेते हो म्हणतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

वहिनींच्या जालन्याच्या मैत्रिणीचा नंबर अजून होता. तिच्या घरी आईच्या वेळच्या कादंबऱ्यांची पेटी आहे. दोघींनी ठरवलं: वर्षातून दोनदा पाच किलोचा गठ्ठा जालन्याहून बोरीला, वाचून झाला की परत. जाऊन-येऊन दोनशे, वर्षाचे चारशे. तीस पुस्तकं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं मालकिणीचं नाव, आणि गठ्ठ्याची यादी दोघींच्या मोबाइलवर. चिठ्ठी लिहायची तर वेगळी पाठवावी, गठ्ठ्यात कोंबू नये.

जालन्याचं नाव निघालं म्हणून एक सांगावंसं वाटतं. नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मणानं १८४३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. परभणीही तेव्हा निजामाच्याच राज्यात. त्या वस्तीत पहिली लग्नं कशी झाली असतील, सासर-माहेर कसं तुटलं आणि जुळलं असेल, यावर कुणी चांगली मराठी कादंबरी लिहिली तर आगाऊ पैसे भरून पहिली प्रत मी घेईन.

गावातलं वाचनालय आणि एसटी

बोरीत किंवा जिंतुरात जे अनुदानित वाचनालय तुम्हाला जवळ पडेल तिथं आधी जा. वर्गणी महिन्याची आणि अनामत एकदाच, ती परत मिळते. पावती जपून ठेवा. ‘स्मृतिचित्रे’ जुन्या मराठी वाचनालयांत बहुधा असतेच, मागच्या फळीवर असते एवढंच. नसेल तर मागणीच्या वहीत लिहा. अनुदानातून पुस्तकखरेदी करावीच लागते, आणि सभासदानं लेखी मागितलेलं पुस्तक यादीत घालायला ग्रंथपालांनाही बरं वाटतं. वहिनींनी तीन नावं लिहून दिली: संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’, ‘यमुनापर्यटन’, आणि बाबा पदमनजींचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’. वही भरायला पैसे लागत नाहीत.

परभणीला जिल्ह्याचं ग्रंथालय आहे, जुनं गणेश वाचनालय आहे. केवळ पुस्तकासाठी खेप घालू नये, दवाखान्याच्या किंवा बँकेच्या कामाला जोडून जावं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. माझी आई शहात्तरची. ती म्हणते, मला पाठवा, मी आणते पुस्तकं. ती जातेही.

वहिनींचा वर्षाचा हिशेब

महिना दोनशे म्हणजे वर्षाचे चोवीसशे. जालन्याच्या गठ्ठ्याला चारशे. संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’ला चारशे बाजूला काढले, कमी पडले तर पुढच्या महिन्यातून घ्यायचे. ओक यांच्या मालिकेतली पुढची तीन पुस्तकं जुनी, प्रत्येकी सव्वादोनशे धरून पावणेसातशे, टपालासकट साडेसातशे. मे महिन्यात एक महिन्याची ई-पुस्तकांची वर्गणी, पावणेदोनशे. वाचनालयाची वर्गणी आणि अनामत मिळून तीनशे धरले. खरा आकडा त्यांच्या खिडकीवर कळेल. बेरीज दोन हजार पंचवीस. पावणेचारशे उरले ते बायंडिंगसाठी ठेवा म्हटलं, कारण त्या जुन्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ची पाठ आता चिकटपट्टीवर टिकायची नाही. परभणीत पुठ्ठ्याची बांधणी करून देणारे अजून आहेत. पानं कापू नका, नुसती शिवा, असं आधी सांगावं लागतं.

“मुखपृष्ठ नाहीये, त्याचं काय?” वहिनींनी विचारलं. भाचीनं चित्रकलेच्या वहीतलं पान फाडलं आणि काढायला बसली. मार्टीचं माळरान तिनं कधी पाहिलेलं नाही. तिनं ज्वारीचं शेत काढलं आणि बांधावर दोन माणसं.